डॉलरबाबाचं लिंबू

धामणगाव रेल्वे या गावात गुरुवारी डॉलरबाबाच्या मठासमोर चपला काढायला जागा नसे. चमत्कारच तसा होता. प्रीतमच्या जिनिंग गिरणीतल्या रुईच्या गाठी व्हिएतनामला निघाल्या, जहाज अजून समुद्रात डुलत होतं, आणि पैसे इकडे खात्यात! घेणाऱ्याचं रुईला बोटही लागलं नव्हतं. बाबानं फक्त गाठींवर ठेवायला एक लिंबू मंतरून दिलं होतं.

प्रीतमची माय पार्बताबाई. शाळा दुसरीपर्यंत, तोंड मात्र पदवीधर. जिनिंग तिच्या नावावर, म्हणून बँकेत सहीला तीच जायची.

त्या गुरुवारी प्रीतम भर मठात म्हणाला, "बाबा, ही खेप बँकेशिवायच पाठवून राह्यलो. ते फुकटचं कमिशन कापतात. तुमचं लिंबू हाय ना!"

गर्दीनं जयजयकार केला. पार्बताबाई गर्दीतून पुढं सरकून बसली. अर्ध्या गावाचा हंगाम त्या गाठींत दाबलेला होता.

बाबानं डोळे मिटले. "सागरातून लक्ष्मी येते... डॉलर डॉलर स्वाहा!" मग एक डोळा उघडून नेहमीसारखं विचारलं, "बँकेचा कागद आला ना?"

"नाही बाबा. तेच तर सांगून राह्यलो."

लिंबू बाबाच्या हातातच राहिलं. "मग... ग्रह जरा वक्री आहेत. आधी बँकेचं करून या."

"काहून?" पार्बताबाई उठली. "लिंबाले बँकेचा जामीन लागते का?"

मागच्या रांगेतले लोक उठून पाहू लागले.

"अन् मागचं लिंबू म्या गाठींवर ठेवलंच नाही. पोह्यांवर पिळलं. पैसे तरी आले."

"माय!"

"तूच दोनदा मागून खाल्ले, लेका." ती गर्दीकडे वळली. "बँकेतल्या नईमा मॅडमले इचारलं म्या. सोयरिकीसारखं असते. दोन्ही घरं परकी, मंग मधात जाणती माणसं बसतात. घेणाऱ्याची बँक आधीच लिहून देते: ठरलेला माल जहाजावर चढल्याचे कागद दाखवा, पैसे मी देते. त्याले एलसी म्हणतात. कागद बरोबर असले का पैसे येतात, जहाज पोचो का डुलो. हा बाबा तो एलसीचा कागद आल्याचं पक्कं करूनच लिंबू देते."

"आशीर्वादही होताच," बाबा पुटपुटला.

"असंन. मंग लिहून द्या, घेणाऱ्यानं बुडवलं तर मठ आमचा."

"मठ ट्रस्टचा आहे."

लोक चपला शोधू लागले. प्रीतम खाली मान घालून बँकेकडे निघाला. बाबाच्या हातातलं लिंबू पार्बताबाईनं जाताना काढून घेतलं. रसाळ होतं.

परक्या माणसाच्या शब्दावर बँकसुद्धा तपासल्याशिवाय पैसे सोडत नाही. आपण तर अख्खी अक्कल सोडतो. पाया पडण्याआधी एक प्रश्न विचारावा. त्याला कमिशन लागत नाही.