सुरीचा कोट

मी एक कोट बोलतोय. करडा, गुडघ्याच्या खाली येणारा, आतून लालभडक अस्तर लावलेला. घामाची मला किळस येत नाही, घाम हा आम्हा कपड्यांचा रोजचाच. मला किळस आली ती हसण्याची. ती कशी आली, ते सांगतो.

माझा जन्म पडद्यांच्या एका दुकानात झाला. तिथे शिवणकाम करणाऱ्या बाईला घरी ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. दिवसभर ती लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवायची आणि जेवणाच्या सुट्टीत मला. धाकट्या भावाच्या वाढदिवसासाठी चाललं होतं ते सगळं. अस्तराला तिने पडद्याचं उरलेलं लाल कापड घेतलं. मशीनसमोर मोबाइल उभा असायचा आणि त्यावर एक मालिका चालू. मध्येच ती चित्र थांबवायची, डोळे बारीक करून कॉलर किती रुंद आहे ते बघायची आणि पुन्हा पाय मारायला लागायची. कारण मी नुसता कोट नव्हतो. त्या मालिकेतल्या एका माणसाच्या कोटाची मी नक्कल होतो.

तो माणूस वकील होता. नाव काहीतरी लांबलचक होतं, पण बघणारे त्याला सुरी म्हणत. सुरी कधी हरायचा नाही. साक्षीदाराला आधी गोड गोड विचारत जायचा. बिचारा सैल पडला की हा कोट झटकायचा. लाल अस्तर चमकलं की समजायचं, आता घाव. मेलेल्या नवऱ्याच्या भानगडी तो विधवेला भर कोर्टात ऐकवायचा. अडखळत बोलणाऱ्या पोराची नक्कल करायचा. आणि शेवटी खुर्चीत बसता बसता म्हणायचा, “साक्षीदार संपला.”

ताईला तो भयंकर आवडायचा. “आला बघ मेला!” म्हणत ती खुर्ची पुढे ओढायची. “एक नंबरचा नालायक आहे. पण बोलतो काय!” विधवा रडायला लागली की ताईच्याही डोळ्यांत पाणी यायचं, आणि सुरीच्या पुढच्याच वाक्याला तिला हसूही फुटायचं. दोन्ही एकदम. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, माणसं अशीच असतात.

धाकटा फ्रीज आणि वॉशिंग मशीन विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारी ऐकायच्या कामावर होता. कानाला हेडफोन लावायचा आणि दिवसभर शिव्या खायच्या. “सॉरी सर. समजू शकतो मॅडम. माणूस उद्या नक्की येईल.” माणूस उद्या येणार नाही, हे त्याला चांगलं माहीत असायचं. असा दिवसभर वाकलेला मुलगा वाढदिवसाला मला घालून आरशासमोर उभा राहिला आणि त्याची पाठ ताठ झाली. ताईने टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला सांगू, मलाही अभिमान वाटला.

सुरीच्या चाहत्यांचा एक गट होता, सुरीवाले. ते एका हॉलमध्ये जमायचे, सुरीची भाषणं म्हणायचे. मला घालून धाकट्याने विधवेचा प्रसंग केला आणि सगळ्या हॉलने त्याला डोक्यावर घेतलं. पोरं खांद्यावर थापा मारत होती. मी आतून ऐकत होतो. एकालाही विधवेचं काही पडलेलं नव्हतं. तिचं काम करणारी मुलगी एका बाजूला उभी राहून पाणी पीत होती, तिला कोणी विचारलंसुद्धा नाही.

त्यानंतर सुरी घरी राहायला आला. दूध उतू गेलं तरी खटला उभा राहायचा.

“तू गॅसपाशी उभी होतीस. हो की नाही?”

“अरे, फोन आला म्हणून...”

“हो की नाही, एवढंच!”

ताई आधी हसायची. मग हसेनाशी झाली. “कोट काढ आणि मग बोल,” म्हणायची. तो काढायचा नाही. जेवतानासुद्धा मी त्याच्या अंगावर, बाही वाटीत बुडालेली. एके दिवशी तो मोठ्या फुशारकीने सांगत होता की कामावर एका म्हातारीने फोनवर विचारलं, “बाळा, माणूस कधी येईल रे?” आणि ह्याने तिला सुरीच्या आवाजात चार प्रश्न विचारले, ती गोंधळली, तेव्हा “साक्षीदार संपला” म्हणून फोन ठेवून दिला. शेजारच्या टेबलावरचे हसले म्हणे. तेव्हा पहिल्यांदा माझ्या शिवणी आवळल्यासारख्या झाल्या. मी बाईच्या हातचा आहे. त्या म्हातारीच्या घरी बंद पडलेल्या फ्रीजमध्ये काय काय नासत पडलं असेल, ते माझ्या डोळ्यांसमोर आलं.

घरात तिसरे होते बाबा. जन्मभर त्यांनी लिफ्ट दुरुस्त केल्या. कुठल्याही इमारतीत शिरले की अजून लिफ्टच्या आवाजाला कान लावायचे. पण अलीकडे त्यांचं विसरणं वाढलं होतं. आईला जाऊन चार वर्षं झाली होती आणि बाबांना ते कधी आठवायचं, कधी नाही. नाही आठवलं की दाराकडे बघत बसायचे. ताईने घरात ठरवून टाकलं होतं, त्यांनी विचारलं तर सांगायचं की बाजारात गेलीय. थोड्या वेळाने ते विसरायचे आणि वर्तमानपत्र उघडायचे. धाकटाही तसंच सांगायचा. वाईट मुलगा नव्हता तो, हे सांगितलं पाहिजे.

एका सुट्टीच्या दुपारी सुरीवाल्यांतले काही जण घरी आले. ताईला तातडीच्या कामासाठी दुकानात जावं लागलं होतं. गप्पांत कोणीतरी म्हणालं, “अरे, खरा साक्षीदार घेऊन कर की एकदा!” आणि सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यात बसलेल्या बाबांकडे वळल्या.

बाबांना आधी गंमत वाटली. “विचार, विचार,” म्हणून ते सरसावून बसले. चार पोरं आपल्याकडे बघतायत, याचाच त्यांना आनंद. एकाने धाकट्याचा मोबाइल धरून चित्रीकरण सुरू केलं.

“साक्षीदार, सकाळी चहा घेतलात?”

“नाही बुवा. आज कोणी दिलाच नाही.”

“मग हा कप कोणाचा?”

बाबांनी कपात वाकून बघितलं. “माझाच असेल. घेतला असेल मग.”

“मघाशी नाही म्हणालात, आता हो म्हणता. यातलं खोटं कोणतं?”

हशा पिकला. बाबाही हसले, पण त्यांचे हात मांडीवर चाळा करायला लागले. धाकटा त्यांच्याभोवती फिरत होता. त्याने आवाज मऊ केला. मला पुढचं कळलं, कारण त्याच्या बोटांनी माझी कड धरली होती.

“तुमची बायको कुठे आहे, साक्षीदार?”

“बाजारात गेलीय. येईलच आता.”

त्याने मला झटकलं. माझं अस्तर चमकलं. ताईच्या हातचं, तिने टाका टाका जपून लावलेलं अस्तर.

“तिला जाऊन चार वर्षं झाली. अग्नी तुम्हीच दिलात. हो की नाही?”

बाबांचं तोंड उघडंच राहिलं. ते एकेकाकडे बघत गेले. “कधी?” ते म्हणाले. “मला... मला कोणी सांगितलं कसं नाही?”

आणि पोरं हसली. सवयीने हसली असतील. एकच थांबला, बाकीचे हसत राहिले. पण मी सांगतोय ती किळस नुसती त्यांच्या हसण्याची नाही. कोट छातीला लागून असतो, आतला ठोका त्याला कळतो. धाकट्याचा ठोका मला लागत होता. तो घाबरला नव्हता. त्याला लाज वाटत नव्हती. तो खूश होता. “साक्षीदार संपला,” तो म्हणाला, आणि त्याच्या अंगावरून गळून पडता येईना म्हणून मी नुसता लोंबत राहिलो.

ताई आली तेव्हा पोरं निघून गेली होती. बाबा पलंगावर बसून आईच्या नावाने रडत होते, अगदी आत्ताच गेली असावी तसे. धाकटा मोबाइलमध्ये डोकं घालून होता. चित्रफीत त्याने सुरीवाल्यांच्या मोबाइलवरच्या गटावर टाकली होती.

“काय केलंस तू?” ताईने सगळं बघून विचारलं.

“अगं, गंमत होती. बाबा आधी हसत होते, बघ ना.”

“काढून टाक ते.”

“किती लोकांना आवडलंय, वाच तरी.”

तिने मोबाइल ओढून घेतला आणि मोठ्याने वाचलं. “‘म्हातारा भारी आहे.’ ‘आणखी एक भाग होऊन जाऊ दे.’ ‘चेहरा बघा त्याचा!’” तिचा आवाज फाटला. “चेहरा बघा त्याचा! शेजारच्या खोलीत आहे तो चेहरा. जा, बघून ये.”

“तूच तर मला सुरीचं वेड लावलंस!” धाकटा उसळला. “विधवेला रडवतो तेव्हा तू हसतेस. मी केलं की पाप?”

ताईला ते लागलं. मग ती हळू बोलली. “हसते. पुढेही हसेन कदाचित. अरे, ती बाई रडून झालं की तोंड धुते, कपडे बदलते आणि घरी जाते. बाबांनी कुठे जायचं?”

तरी धाकट्याने ती चित्रफीत काढली नाही. मला खुंटीला लटकवलं आणि पाय आपटत बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा विसरले होते. रडणं विसरले, पोरं विसरले, आई पुन्हा बाजारात गेली. ताईने मोकळा श्वास घेतला. धाकटाही सुटल्यासारखा दिसला. कामावर जायला म्हणून त्याने मला अंगावर चढवलं आणि बाहेरच्या खोलीत आला.

बाबा चटकन उभे राहिले. हात जोडले.

“साहेब,” ते आपल्या मुलाला म्हणाले, “मी काही केलं नाही. मला घरी जाऊ द्या.”

शब्द विसरले होते, मला विसरले नव्हते. बापाच्या डोळ्यांत एवढी भीती, आणि ती माझ्याकडे बघून. त्या दिवसापासून मला माझ्या रंगाचीही किळस वाटते.

“बाबा, मी आहे. अहो, मी!” धाकटा पुढे सरकला, तसे ते भिंतीला जाऊन टेकले. तेव्हा कुठे त्याच्या छातीचा ठोका बदलला. त्याने मला इतक्या घाईने ओरबाडून काढलं की एक बटण तुटून पलंगाखाली गेलं. नुसत्या बनियनवर तो बापासमोर जमिनीवर बसला. बाबांना ओळख पटायला बराच वेळ लागला. “अरे, तू होय,” ते म्हणाले, “कामाला नाही गेलास? आणि तो साहेब गेला का?”

“गेला,” धाकटा म्हणाला, आणि हमसून हमसून रडला.

चित्रफीत त्याने तिथेच बसून काढली. उपयोग झाला नाही. ती आधीच लांब गेली होती, अनोळखी लोकांकडे. अजूनही कुठेतरी कोणीतरी ती बघून हसत असेल. गट सोडला तेव्हा सुरीवाल्यांनी त्याला ‘रडका’ म्हणून निरोप दिला. धाकटा एकदम देवमाणूस झाला, असं काही नाही. मधूनच त्याचा आवाज चढतो, मग तोच गप्प होतो. पण संध्याकाळी तो बाबांना घेऊन समोरच्या इमारतीत जातो. दोघं लिफ्टने वर जातात, खाली येतात, आणि बाबा कान लावून सांगतात की दोर घासतोय.

ताईने मला घरात ठेवलं नाही. नाटकांना कपडे भाड्याने देणाऱ्या एका बाईकडे तिने मला सोपवलं. घडी घालताना ती पुटपुटली, “सुरी मला अजून आवडतो रे. आवडायला नको होता का?” मी काय सांगणार! कापूस आणि दोरा मी. पण जिला असा प्रश्न पडतो, तिच्या हाती सुरी दिली तरी भीती नाही, एवढं मला कळतं.

आता मी एका नाटकात आहे. एक शांत स्वभावाचा नट मला घालून रोज एका म्हाताऱ्याला छळतो, आणि लोक टाळ्या वाजवतात. पडदा पडला की तो नट आत येतो, मला दोन बोटांनी धरून अंगावरून उतरवतो आणि म्हणतो, “शी! काय माणूस आहे हा!” मग जाऊन त्या म्हाताऱ्याचं काम करणाऱ्याला चहा आणून देतो.

ती ‘शी’ मला फार आवडते. समोर बसणाऱ्यांनो, माझ्यासाठी टाळ्या जरूर वाजवा, त्यावरच आमचं पोट चालतं. पण घराची पायरी चढण्याआधी एकदा तरी तोंड वाकडं करून तेवढं म्हणा. आत कोणीतरी तुमची वाट बघत बसलेलं असतं.