एंगेज लागणारा फोन

गोकुळदासाचा फोन कधी येईल ते खुद्द गोकुळदासालाही ठाऊक नसायचं. बोट बंदराला लागली, बूथच्या रांगेत नंबर आला आणि कार्डात बोलणं शिल्लक राहिलं, तर यायचा. त्यामुळे इब्रामपूरच्या त्या घरात फोनचं देवासारखंच होतं. कधी पावेल सांगता येत नाही, पण समोर माणूस हवं. त्याची बायको सुमंगला शेजारी हळदीकुंकवाला गेली तरी अर्धा जीव फोनच्या मेजावर ठेवून जायची. मोबाइलची रेंज गावात फक्त देवळामागच्या टेकडीवर, आणि टेकडीवर काही संसार करता येत नाही.

आणि त्याच फोनच्या तारेत तिच्या लेकीनं, दिपालीनं, कॉम्प्युटर घुसवला.

पोर काही वाईट करत नव्हती. पणजीच्या एका कंपनीचं काम घरी बसून करायची. अमेरिकेतले डॉक्टर आपापल्या पेशंटांविषयी बोलून ठेवत, ते कानाला लावून ऐकायचं आणि टाइप करून परत पाठवायचं. अमेरिकेतल्या माणसाचं मूत्रपिंड इब्रामपुरात कसं पोचतं हे सुमंगलाला कधी उमगलं नाही, पण कुठल्या आवाजानं पोचतं ते पाठ झालं होतं. आधी किरकिर, मग मांजरं भांडल्यासारखं काहीतरी, मग फुस्स. ते फुस्स झालं की पुढचे दोन-दोन तास फोन गेला. कुणी लावला तर त्याला एंगेज.

एरवी तिनं चालवून घेतलं असतं. पण चवथीचा गणपती गेला आणि टीव्हीवर सोमालियाच्या चाच्यांच्या बातम्या सुरू झाल्या. बोटीच्या बोटी पळवून नेत होते. गोकुळदास ज्या बोटीवर फिटर होता तिला त्याच पाण्यातून जायचं होतं, आणि त्याचा फोन येऊन तीन आठवडे उलटले होते.

"आई, तू अशी बघू नको माझ्याकडे. एवढी फाईल उतरली की बंद करते."

"मी खंय बघतंय? मी घड्याळाकडे बघतंय."

"घड्याळ माझ्या डोक्यावर नाय लावलेलं."

"बाय गो, समज आत्ता, ह्या मिनटाला ते बूथमध्ये उभे असले तर?"

दिपालीचाही तो बापच की. मग ती फाईल अर्धी सोडून तार काढायची, फोन मोकळा व्हायचा आणि हटकून वाजायचा नाही.

अशात गावच्या एक्स्चेंजमध्ये ब्रॉडबँड आलं. सगुण लाईनमन घरोघर सांगत सुटला.

"वैनी, घेऊन टाका. फोन वेगळा, नेट वेगळं. तार एकच, पण भांडण नाय. सासूसुनेनं चुली वेगळ्या केल्यासारखं."

"आणि आताची तार?"

सगुणानं जनेलातून खांबाकडे पाहिलं. तार तीन ठिकाणी जोडलेली, एका जोडावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली. "ही बदलूक होयी. लाईन दोन दिस बंद धरा. पाऊस लागला तर तीन."

सुमंगला मनात हिशोब मांडू लागली. रोज दोन तास एंगेज ठेवायचं, की एकदाच दोन दिवस फोन मारून टाकायचा? आणि नेमका त्याच दोन दिवसांत आला तर? तिनं सगुणाला कळवते म्हणून वाटेला लावलं, आणि चार दिवस तिला ना जेवण गोड लागलं ना झोप. मग ह्या गावात जे करतात ते तिनं केलं. गाय घ्यायची असो, विहीर खणायची असो, लेक द्यायची असो, सातेरीला कौल लावल्याशिवाय इथे पान हलत नाही.

"देवीला ब्रॉडबँड कळतं?" दिपालीनं विचारलं.

"तुला कळतं ना? मग देवीला कळायला काय धाड भरली?"

विठू गुरवानं देवीच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पण गाऱ्हाणं घालण्याआधी त्यानं सुमंगलाला सगळं परत सांगायला लावलं. देवीसमोर चुकीचं बोललं तर कौलही चुकीचा मिळतो, ही त्याच्या धंद्यातली पहिली गोष्ट.

"बाये सातेरी, माये," तो लागला, "तुझा तारवटी लेकरू बोटीर, दूर दर्यार आसा. तेच्या घरच्या फोनाची तार दोन दिस बंद ठेवून नवी घातली, तर बरा जातला? उजवो डावो कौल दी गे माये!"

"व्हय गे माये," सुमंगला पुटपुटली.

पाकळ्या हलेनात. समईची वात तडतडली. मग डावी पाकळी जराशी सरकली आणि सुमंगलाच्या तोंडून "नको, नको" असं निघून गेलं. तेव्हा कुठे तिला कळलं की आपल्याला नवी तार हवी आहे. देवीनं मात्र ऐकलं नाही. डावी पडली.

"देवी नाय म्हणता," विठू उठायला लागला.

"थांब रे विठू. तू दोन दिवस म्हणालास. तिला दोन दिवस पटले नसतील. एक दिवस विचार."

"वैनी, ह्यो काय मासळीचो बाजार?"

पण विचारलं त्यानं. आणि उजवी पाकळी अशी टपकन पडली, जणू वाटच बघत होती.

देवी, विठू आणि सुमंगला यांचं एक दिवसावर ठरलं. राहिला होता फक्त ज्यानं काम करायचं तो सगुण.

"एक दिस?" सगुण कपाळाला हात लावून म्हणाला. "सातेरीक काय जाता सांगूक? खांबार ती चडतली?" पण तोही ह्याच गावचा. कौल मोडायची छाती त्याची नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडताच शिडी घेऊन हजर झाला.

जुनी तार खाली आली आणि सुमंगलानं रिसीव्हर उचलून पाहिला. टूं नाही, खरखर नाही, काहीच नाही. कान विहिरीत घातल्यासारखं वाटलं. दिवसभर ती हातातलं काम टाकून येई, उचली, ऐके, ठेवी. मेलेला फोन वाजणार नाही हे कळत होतं, तरी मेजापासून पाय निघत नव्हता. दुपारनंतर पाऊस आला. सगुण भिजत राहिला, पण अंधार पडला तसा खाली उतरला आणि तिच्याकडे न बघता घरी गेला. शेवटी देवीचा एक दिवस सगुणाच्या दीड दिवसांनी भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लाईन आली. सुमंगला भाताची पेज गाळत होती. फोन वाजला, तसं भांडं तिथंच टाकून ती धावली.

"कोण गेलं?" गोकुळदासाचा आवाज. नमस्कार नाही, काही नाही. "खरं सांग गो. कोण गेलं?"

"अवो, कोणी नाय! सगळी बरी आहोत!"

"काल धरून लावतंय. रिंग जाता, रिंग जाता, कोणी उचलत नाय. म्हटलं घरात कोणी उरलंच नाय."

तार बदलत होती, तुटलेली असली तरी लावणाऱ्याला रिंग ऐकू येते असं सगुण म्हणालाय, तिनं सांगितलं.

"आणि त्याच्या आधी?" तिनं घाबरत विचारलं.

"आधी लावला की पाच-सात वेळा. एंगेज."

ज्याला भीत होती तेच झालं होतं. "रागावलात?"

"रागावू कित्याक? एंगेज लागला की माझा जीव गार. घरात माणसं आहेत, कोणीतरी बोलतंय, सगळं बरं आहे. मग कार्ड तसंच खिशात ठेवायचो, पुढच्या बंदराला."

मागे दिपाली टाइप करत होती, फाईल उतरत होती आणि तरी नवऱ्याचा आवाज स्वच्छ येत होता. सुमंगलानं ते त्याला समजावून सांगितलं.

"म्हणजे आता एंगेज लागायचाच नाय?"

"नाय."

"बरं झालं," तो म्हणाला. कडू काढा पिऊन म्हणावं तसं म्हणाला. मग भरभर सांगितलं, बोट आज सुटते, आता ते चाच्यांचं पाणी लागणार, रात्री दिवे मालवून जायचं आहे, आठवडाभर फोन नाही. पार झालो की पहिल्या बंदरातून करतो. शनिवार धर. आणि कार्ड संपलं.

त्यानंतर फोन मोकळा राहिला. सकाळी मोकळा, दुपारी मोकळा. आधी वाजला नाही तर ती लेकीवर चिडायची, तू बसली होतीस तेव्हाच येऊन गेला असणार म्हणायची आणि चिडून झालं की जिवाला बरं वाटायचं. आता चिडायला कोणी उरलं नव्हतं. फोन वाजत नव्हता, कारण कोणी करत नव्हतं.

सोमवारी दिपालीला रिसीव्हर मेजावर आडवा पडलेला दिसला.

"आई, हा कोणी काढून ठेवला?"

"पुसायला काढला होता."

मंगळवारी परत आडवा.

"अगो, बाबांचा फोन आला तर?"

"ह्या दिवसांत येत नाय म्हणून सांगितलंय त्यांनी." सुमंगला नारळ खवत होती, मान वर न करता म्हणाली. "चुकून लावलाच कुठून, तर एंगेज लागू दे."

रिसीव्हर दिपालीनं तसाच राहू दिला, आणि टाइप करायला बसताना खुर्ची जरा फोनच्या बाजूला ओढून घेतली.

शनिवारी उजाडताच सुमंगलानं रिसीव्हर पुसून जागेवर ठेवला. उचलून टूं ऐकलं, परत ठेवला. पाववाला पोदेर हॉर्न वाजवत दारात आला, तर ती मेजापासून उठली नाही, उंडे जनेलातूनच आत द्यायला सांगितले.