कबनूरच्या मागाचे नट

कबनूरच्या एका कापड कारखान्यातले जुने माग भंगारात निघाले, तेव्हा ते सोडवायचं काम कृष्णात कांबळेकडं आलं. तरुणपणी हेच माग त्यानं आपले उस्ताद हंबीरराव यांच्या हाताखाली बसवले होते. आता फरशीतल्या बोल्टांवर गंजाचे असे थर चढले होते, की नट कुठं संपतो तेच कळेना. डिझेल ओतून झालं, पान्याला पाइप लावून लोंबकळून झालं. नट ढिम्म.

दुसऱ्या दिवशी त्याची लेक मनाली आली. शिरोलीच्या एका कंपनीत ती यंत्रं जोडायच्या कामावर होती. पिशवीतनं तिनं बॅटरीची गन काढली.

"ही ड्रिल व्हय?" कृष्णातनं विचारलं.

"न्हाय आण्णा. ही फिरता फिरता आतनं हातोडाबी मारती."

त्यानं पेटीतली चकचकीत गोटी, नटावर बसवायचा सॉकेट, पुढं केली. मनालीनं ती बाजूला ठेवली.

"ही हातपान्याची. गनचे ठोके बसले की तडकंल, तुकडा डोळ्यात जाईल."

तिनं जाड, काळी गोटी घेतली. तिचं भोक गनच्या टोकापेक्षा मोठं होतं, म्हणून मधे अडॅप्टर बसवला. गोटी सुटू नये म्हणून तिच्यात आडवी खीळ घातली, खीळ निसटू नये म्हणून वरनं रबरी कडं चढवलं आणि गोटी ओढून पाहिली. मग बापाच्या डोळ्यांवर चष्मा चढवला.

गन कडाडली. पत्रे थरथरले. नट मात्र जागचा हलेना. मग एकाएकी ठोक्यांचा आवाज बदलला, गंजाची लाल धूळ उडाली आणि नट वळला. लेकीच्या मनगटाला साधा हिसका न बसता तो गरगर वर आला.

कृष्णात गुडघ्यावर बसला. गंजाच्या खाली, नटानं झाकलेले आटे कालच कापल्यासारखे उजळ होते. त्यानं बोट फिरवलं. बोटाला ग्रीस लागलं.

"हंबीररावांनी भरलंय हे," तो हळूच म्हणाला. "परत्येक आट्यात बोटानं भरायचे. कवातरी कोण तरी सोडवायला येणार हाय की, म्हणायचे."

मनालीही वाकून बघत राहिली.

"दे हिकडं," म्हणत त्यानं गन घेतली. गोटी ओढून पाहिली, दुसऱ्या नटावर बसवली आणि घोडा दाबला. ठोके कानात घुमत होते, पण तळव्याला नुसती थरथर. नट सुटला तरी त्याचं बोट घोड्यावरनं लवकर निघालं नाही.

"एवढं बळ, आन् हाताला कायच न्हाय की गं," तो म्हणाला.

दिवस कलायच्या आत पहिला माग फरशीवरनं मोकळा झाला.