ताडपत्री बांधायची मजुरी

मित्रांनो, मालट्रकवरचा माल झाकणारी एक जुनी ताडपत्री मी. आता अकोल्यातल्या एका कापसाच्या जिनिंगच्या आवारात, शेडच्या कोपऱ्यात पडून असते. कधी सरकीच्या ढिगावर टाकतात, कधी तीही गरज पडत नाही. अंगावर ठिगळं आहेत. काठाच्या काही पितळी कड्या निघून गेल्या आहेत. म्हातारपणी आपली गोष्ट सांगताना लोक अभिमानाने सांगतात. मला तसं सांगता येत नाही. तरी सांगते, कारण ती माझ्या एकटीची नाही.

मी जाड सुती कापडाची आहे. माझे पट्टे जोडून शिवले, मेण पाजलं, चारही काठांत दोर घातला आणि कड्या ठोकल्या. अमरावतीच्या बाजारातून मला उत्तमरावांनी विकत घेतलं. त्यांचं ट्रान्सपोर्टचं ऑफिस तिथल्याच राजापेठेत होतं. दुकानदार त्यांना म्हणाला, "भाऊ, कितीही पानी येऊ द्या, आत थेंब जानार नाही. फक्त भारी हाय. दोन मानसं लागतील उचलाले." उत्तमराव म्हणाले, "मानसं हायेतच." मला तेव्हा आपल्या वजनाचाही अभिमान वाटला होता.

मी जानरावांच्या गाडीवर गेले. जानराव चांदूर रेल्वेचे, खेपेवर पैसे घेणारे ड्रायव्हर. अकोल्याच्या जिनिंगमधून रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, गाठी भरायच्या आणि मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून नांदगाव पेठेच्या सूतगिरणीत पोचवायच्या, हे आमचं काम. गाठी भरून झाल्या की जानराव मला वर चढवायचे आणि पसरायचे. खालून क्लीनर दोर ओढायचा आणि गाडीच्या आकड्यांना बांधायचा. वरून दिसतं तेवढं ते सोपं नसतं. गाठी पार वरपर्यंत रचलेल्या असतात. त्यांच्यावर पाय सरकतो. मी भिजलेली असले तर दुपटीने जड होते.

सूतगिरणीच्या फाटकावर लोक मला थापटून म्हणायचे, "ताडपत्री लय जबरदस्त हाय, माल कोरडाच्या कोरडा!" मी फुलून जायचे. बांधणाऱ्याला कुणी काही म्हणायचं नाही. ते माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

जिनिंगची एक रीत होती. गाठी चढवणाऱ्यांना हमाली मिळायची. काट्यावर वजन करणाऱ्याला त्याचे मिळायचे. सरकीच्या पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या पार्बताबाईला पोत्यामागे शिलाई मिळायची. मला बांधायचे मात्र कुणालाच काही मिळत नव्हते. ते ड्रायव्हरचं काम, आणि ते फुकट. असं कुणी ठरवलं होतं असंही नाही. पहिल्यापासून तसंच चाललं होतं. पण माल भिजला, तर तेवढे पैसे ड्रायव्हरच्या खेपेतून कापायचे, हे मात्र पक्कं ठरलेलं होतं.

मग उत्तमरावांनी क्लीनर बंद केला. म्हणाले, "आता रोड चांगले झाले. गाडीले क्लीनर कायले पायजे?" रस्ता चांगला झाला होता हे खरं. मी मात्र होते तेवढीच जड होते.

जानराव एकट्याने मला बांधू लागले. वर चढायचं, पसरायचं, खाली उतरून एक दोर ओढायचा, पुन्हा वर चढायचं. एकदा मूर्तिजापूरच्या पुढे माझा एक कोपरा सुटला आणि अवकाळी पावसात गाठी भिजल्या. त्या खेपेचे पैसे जवळजवळ सगळे कापले गेले. घरी अंगणात मला वाळत घालताना जानरावांनी ते बायकोला सांगितलं. तिचं नाव जमुना. त्यांची मुलगी आचल शिकायला अमरावतीला होती, म्हणून घरी दोघंच असत.

जमुना म्हणाली, "उद्यापासून मी येईन संगं."

"बाईमानूस ट्रकवर? लोक हासतील."

"हासू द्या. हासनारे दोर ओढाले येतात काय?"

मग ती खरंच येऊ लागली. डब्यात भाकरी आणि ठेचा घेऊन कॅबिनमध्ये बसायची. माझी ठिगळं तिनेच लावली आहेत, दाभण आणि सुतळीने, ओसरीवर बसून. शिवताना माझ्याशी बोलायची. "किती खाते वं बाई तू? उचलत नाही मले." मला हसू यायचं. आज ते आठवलं की नको वाटतं.

आधी ती खालून दोर ओढायची. पुढे जानरावांचा गुडघा दुखायला लागला, तेव्हा ती वर चढायला शिकली. साडीवर जानरावांचा जुना शर्ट घालायची. पार्बताबाई पोती शिवता शिवता तिला चिडवायची, "मालकीन झाली वं जमुने तू! कॅबिनीत बसून फिरून राहिली."

"हो ना, मालकीन! पगार तर इचार माह्या," जमुना वरून म्हणायची, आणि दोघी हसायच्या.

उत्तमरावांना हे ठाऊक होतं. त्यांनी तिला नको म्हटलं नाही. दोन माणसांचं काम होत होतं आणि पैसे एकाचेच जात होते.

तो फाल्गुनातला दिवस होता. आदल्या खेपेला मी भिजले होते आणि घाईत माझी ओलीच घडी घातली होती. आभाळ भरून आलेलं. जिनिंगचा मुनीम ओरडत होता, "पानी याच्या आंधी गाडी काढा!" जमुना गाठींवर उभी होती आणि माझा पुढचा काठ तिच्या हातात होता. जानराव खाली दोर धरून होते. तेवढ्यात वारा माझ्याखाली शिरला आणि मी फुगले.

"सोड! जमुने, सोड तिले!" जानराव ओरडले.

तिने सोडलं नाही. मी तिला ओढलं आणि आम्ही दोघी खाली आलो. मी तिच्या अंगावर पडले. लोकांना आधी मला बाजूला करावं लागलं, आणि मला बाजूला करायला दोन माणसं लागली. दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली होती.

दोष वाऱ्याचा होता असं म्हणता येईल. पण वारा धरला तो मी. ओली होते, जड होते, तीही मीच. मित्रांनो, पाणी आत येऊ नये म्हणून मला बनवलं होतं, आणि ते मी नीट केलं. त्यासाठी कोण कुठे उभं राहतं, हे मी कधी पाहिलंच नाही.

तेरवीला उत्तमराव चांदूर रेल्वेला गेले होते. परत कामावर आल्यावर जानरावांनी पार्बताबाईला ते सांगितलं, तेव्हा मी ऐकलं. उत्तमरावांनी पाकीट पुढे केलं आणि हळूच विचारलं, "बाईले वर चढाले कोनं सांगतलं होतं, जानराव?" जानरावांनी पाकीट घेतलं नाही. "काय सांगू, बाई? तेच तर मी सोताले इचारून राहिलो रोज," ते पार्बताबाईला म्हणाले.

त्या दिवशी गाठी भरून झाल्या, तरी जानरावांनी मला हात लावला नाही. ते चाकाजवळ बसून राहिले. आभाळ पुन्हा काळं होत होतं. मुनीमाने फोन केला आणि दुपारनंतर उत्तमराव अमरावतीहून गाडी घेऊन आले.

"काहून बसला, जानराव? माल भिजन ना."

"बांधाची मजुरी ठरवा. एक मानूस द्या संगं. मंग बांधतो."

"अरे, ताडपत्री बांधनं ड्रायव्हरचंच काम असते!"

"काम माह्यंच हाय. फुकट काहून हाय, ते सांगा."

पार्बताबाई पोत्यावरून मान न उचलता म्हणाली, "मले सुतळी ओवाचे पैसे भेटतात, मालक. याले जीव टांगाचे नाही."

उत्तमराव चिडले. म्हणाले, "लय मोठं काम असल्यावानी! मीच बांधतो, पाहून घ्या." चपला काढून ते वर चढले. मुनीम खाली दोर धरून उभा राहिला. उत्तमरावांनी मला ओढलं. मी जेमतेम हलले. पुन्हा ओढलं. घामाने त्यांचा शर्ट पाठीला चिकटला. माझी एक बाजू कशीबशी पसरली, तोच वारा आला आणि मी फुगले. मला मागच्या वेळेसारखंच झालं. मला थांबता येत नव्हतं.

उत्तमरावांनी झटकन हात सोडला. मी घसरत खाली मातीत येऊन पडले. ते गाठीला आवळलेली लोखंडी पट्टी दोन्ही हातांनी धरून वरच बसले.

"उतरव मले, जानराव," ते म्हणाले.

जानराव दुखऱ्या गुडघ्याने वर चढले, त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुमी सोडलं, मालक. बरं केलं. तिनं नाही सोडलं. तिले मालूम होतं, माल भिजला का खेप गेली."

जानरावांनी त्यांना धरून खाली उतरवलं. उत्तमराव पोत्यांवर बसले. पार्बताबाईने दिलेलं पाणी प्यायले. मग हमालांकडे वळून म्हणाले, "बांधाले काय घ्याल?"

त्या दिवसापासून उत्तमरावांच्या गाडीवर दोन माणसांनी मला बांधायचं आणि दोघांनाही मजुरी द्यायची, असं ठरलं. ड्रायव्हरने बांधलं तर त्यालाही. वाटेत माल भिजला तर खेपेतून कापणंही बंद झालं. हळूहळू आवारातले दुसरे ड्रायव्हरही मागायला लागले. काहींना मिळाली, काहींना अजून मिळाली नाही.

जानराव पहिल्या मजुरीच्या नोटा हातात धरून माझ्याजवळ उभे होते. त्यांना आनंद झाला नाही. मलाही झाला नाही. एवढीशी तर रक्कम होती. ती आधी ठरली असती आणि खेपेतून कापणं आधी थांबलं असतं, तर जमुनेने मला सोडलं असतं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी कापड आहे, फाटले तर दुसरी येईल. तुम्ही हायवेने जाल, तेव्हा झाकून बांधलेला ट्रक दिसेल. तो कुणीतरी वर चढून बांधलेला असतो. मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कुणी गाडीचे मालक व्हाल, कुणी गिरणीचे. तेव्हा बांधणाऱ्याला त्याची मजुरी द्या. वारा आला की त्याला हात सोडता येईल, एवढं त्याच्या पदरात असू द्या.