निळीचं पाणी

सुभेदार आकारामांनी लष्कराच्या लिलावातून आणलेला ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घरच होतं. सगळं कुटुंब त्यातून जत्रेला जायचं. पण मागच्या कोपऱ्यातली प्लायवूडची भिंत पावसानं फुगून सडली, नवी बसवली तर तीही सडली. धाकटा भाऊ कृष्णात म्हणाला, "दादा, लय झाली हौस. आता ह्यात ऊस भरू."

"आधी पाणी कुठनं येतंय ते बघू, काका," सुभेदारांची बी.एस्सी. झालेली लेक विजयमाला म्हणाली.

तिनं बादलीत कपड्यांची नीळ कालवली आणि शिडीनं टपावर चढून एकेका जागी ओतत गेली. सडक्या कोपऱ्यावर ओतलं, तर आत काहीच उतरलं नाही. मग पुढच्या टोकाला, पाडव्याची गुढी बांधायला सुभेदारांनी पत्र्यात ठोकलेल्या कडीपाशी ओतलं. पाणी पत्र्याखालच्या उताराच्या पट्टीवरून मागं गेलं आणि कोपऱ्यात निळा ओघळ उमटला.

"आबा, गळती तुमच्या गुढीपाशी हाय."

सुभेदार वर चढले आणि त्यांनी कडी उपटली.

"भोक डांबरानं बुजीव, पोरी. भिंत मी बदलतो."

"आन् गुढी?" कृष्णातनं डिवचलं.

"शिडीला बांधीन. तू तुझा ऊस बैलगाडीत भर, गड्या."