मला वेळेवर तुटू दिलं नाही

मित्रांनो, मी एक जुना फ्यूजबोर्ड आहे आणि भयंकर वैतागलेला आहे. माझ्यासारखी जुनी मंडळी आपली कहाणी कशी गोड आवाजात सांगतात! मला ते जमणार नाही. सध्या मी या घराच्या पडवीत, चपलांच्या फळीला टेकून उभा आहे. गेले चार दिवस येणारा-जाणारा माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, "हाच का तो? यानेच आग लावली?" तुम्हीच सांगा, मी गप्प कसा बसू?

माझा जन्म एका सुताराच्या आणि एका वायरमनच्या हातून झाला. सुताराने जाडजूड लाकडी फळी रंधून दिली. वायरमनने तिच्यावर चिनीमातीचे तीन पांढरेशुभ्र फ्यूज बसवले आणि शेजारी लोखंडी मेन स्विच लावला. पहिला फ्यूज बाहेरच्या खोलीचा, दुसरा स्वयंपाकघराचा आणि तिसरा मागच्या खोलीचा. प्रत्येकाच्या पोटात त्याने केसासारखी बारीक तार ओवली. घराचे मालक अण्णा तेव्हा तरुण होते, नुकतंच लग्न झालं होतं. त्यांनी विचारलं, "एवढी बारीक तार? पटकन तुटेल की हो!"

वायरमन हसून म्हणाला, "तुटायलाच घातलीय साहेब. भिंतीतल्या वायरवर जास्त भार आला की आधी ही तुटणार आणि लाइट जाणार. ही तुटली नाही तर भिंतीतली वायर जळेल."

हे ऐकून माझी छाती फुगली. माझं काम काय ते मला पहिल्याच दिवशी समजलं. अण्णांना मात्र ते कधीच नीट समजलं नाही, आणि माझं सगळं रडगाणं तिथूनच सुरू होतं.

पहिली वीस-पंचवीस वर्षं बरी गेली. चार दिवे, दोन पंखे, एक इस्त्री, त्यात मला कसला त्रास? वर्षातून एखादा फ्यूज उडायचा. वायरमन यायचा, तार बदलायचा, सगळ्या घरावर एक नजर टाकायचा आणि चहा पिऊन जायचा. पुढे तो म्हातारा झाला आणि गाव सोडून लेकीकडे राहायला गेला. त्याच्या जागी दुसरा चांगला वायरमन शोधावा, हे कुणाला सुचलं? कुणालाच नाही. अण्णा म्हणाले, "त्यात काय एवढं! मी बघतो." घरात पाना, पक्कड आणि चिकटपट्टी असली की माणूस स्वतःला इंजिनिअर समजायला लागतो. अण्णांचं तसंच झालं.

मग सूनबाई घरात आल्या. हुशार बाई! केक करून विकायला लागल्या. त्यांच्यासाठी मोठा ओव्हन आला. त्याला जागा हवी, प्लग हवा. अण्णांनी काय करावं? मागच्या खोलीच्या भिंतीला भोक पाडलं, तिथल्या जुन्या वायरला दोन नव्या वायरी पिळून जोडल्या, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि वायर पलीकडे स्वयंपाकघरात काढली. तो जोड दिसू नये म्हणून त्यावर लाकडी कपाट सरकवलं. सगळ्यांनी वाहवा केली. अहो, ती जुनी वायर दिव्यापंख्यांची होती! तिच्यावर ओव्हन म्हणजे लहान मुलाच्या डोक्यावर पाण्याचा हंडा. मी बोर्ड आहे, मला तोंड नाही. मला एकच भाषा येते, तुटायची. मी तिसरा फ्यूज उडवला. तार घातली, पुन्हा उडवला. आठवड्यातून दोनदा उडवला.

आणि मला काय मिळालं? शिव्या. "हा बोर्ड म्हणजे डोक्याला ताप आहे," असं अण्णा जाता-येता म्हणायचे. का तुटतो, हे एकदाही विचारलं नाही.

एका रविवारी मॅच ऐन रंगात आली होती. शेवटची दोन षटकं उरली होती आणि टीव्ही होता मागच्या खोलीत. सूनबाईंनी ओव्हन लावला. मी तुटलो. घरातली फ्यूजची तार संपलेली आणि दुकान बंद. अण्णा पिसाळल्यासारखे इकडेतिकडे फिरले आणि मग बायकोसमोर थांबले.

"माई, जरा मान इकडे कर."

"का हो?"

"कर म्हणतो ना!" आणि त्यांनी माईंच्या अंबाड्यातली केसांची पिन खसकन ओढली.

मित्रांनो, ती पिन त्यांनी वाकवून तारेच्या जागी माझ्या पोटात घातली. टीव्ही सुरू झाला. माई केस सावरत म्हणाल्या, "अहो, हे चालतं का?" अण्णा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "तात्पुरतं आहे गं. उद्या तार आणतो."

तो उद्या चार वर्षं उगवला नाही. मी तुटायचा थांबलो, आणि काय गंमत बघा, त्या दिवसापासून माझं कौतुक सुरू झालं! "आता बघा कसा शहाण्यासारखा वागतो," असं अण्णा पाहुण्यांना सांगायचे. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. तोंडात बोळा कोंबलेल्या माणसाला कुणी शांत स्वभावाचा म्हणावं, तशातली गत.

मध्ये एकदा सुटकेची संधी आली होती. बाहेरचा पंखा बंद पडला म्हणून सूनबाईंनी जवळच राहणाऱ्या वायरमनताईंना बोलावलं. ताईंनी पंखा दुरुस्त केला आणि जाता जाता माझे फ्यूज उघडून पाहिले. तिसरा उघडताच त्यांचा चेहरा बदलला.

"अण्णा, हे काय आहे?"

"चालू आहे ना? मग झालं. तुम्हाला पंख्यासाठी बोलावलंय."

ताई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी पिन काढून माईंच्या हातात दिली आणि योग्य तार घातली. म्हणाल्या, "ही तुटली तर समजा मागची वायर थकलीय. ती बदलावी लागेल. एक दिवस लाइट बंद, आणि भिंत थोडी फोडावी लागेल."

"पुढच्या आठवड्यात रंगारी यायचेत. रंग होऊ दे, मग बघू," अण्णा म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी ओव्हन आणि इस्त्री एकदम लागली. मी आनंदाने तुटलो. हो, आनंदानेच! वाटलं, आता तरी ताईंना बोलावतील. अण्णा काय म्हणाले ठाऊक आहे? "चांगलं चालणारं बिघडवून ठेवलं त्या बाईने!" माईंच्या अंबाड्यातून दुसरी पिन निघाली आणि माझ्या पोटात गेली. वर गल्लीभर सांगून झालं, की त्या ताईंना काम येत नाही, त्यांना बोलावू नका.

रंगारी आले. त्यांनी भिंतीबरोबर मलाही हिरवागार रंगवला. मेन स्विचच्या दांड्यावरही दोन हात दिले. कुणी म्हटलं नाही, अरे, घराची लाइट बंद करायला तो खाली ओढायचा असतो. रंग झाल्यावर सूनबाईंनी वायरीची आठवण केली, तर उत्तर तयार होतं, "आता नव्या रंगावर भिंत फोडू?" यावर काय बोलणार, कपाळ!

त्या मागच्या खोलीत चिऊ अभ्यास करायची. चिऊ म्हणजे सूनबाईंची लेक, सात वर्षांची. कपाटाशेजारी भिंतीला पाठ लावून वाचायची तिला सवय होती. एका दुपारी ती बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, भिंतीला ताप आलाय."

"उन्हाने तापली असेल," अण्णा म्हणाले.

अहो, कसलं ऊन? त्या भिंतीपलीकडे स्वयंपाकघर होतं! मी आतून कळवळत होतो. तार असती तर केव्हाच वितळली असती आणि सगळं तिथेच थांबलं असतं. पण पिन नुसती तापत राहिली. चिऊ परत आत गेली आणि चटईवर झोपली. मिक्सरचा आवाज नको म्हणून माईंनी दार लोटून घेतलं.

थोड्या वेळाने सूनबाईंना जळका वास आला. केक करपला म्हणून त्यांनी ओव्हन उघडला, तर केक अजून कच्चा. त्या क्षणभर थबकल्या आणि मागच्या खोलीकडे धावल्या. दार उघडलं, तर खोली धुराने भरलेली. कपाटाच्या मागून ज्वाळा निघत होत्या. त्यांनी चिऊला उचलून बाहेर आणलं. पोर खोकून खोकून निळी पडली होती. अण्णा पाण्याची बादली घेऊन धावले.

"अण्णा, पाणी नको! आधी मेन बंद करा!" सूनबाई ओरडल्या.

अण्णा माझ्याकडे आले, दांडा ओढला. रंगाने चिकटलेला दांडा हलेना! दोन्ही हातांनी ओढला, तरी हलेना. शेवटी सूनबाईंनी चिऊला माईंकडे दिलं आणि लाटण्याने दांड्यावर घाव घातले. चौथ्या घावाला तो खाली आला. मग शेजाऱ्यांनी आग विझवली. चिऊला दोन दिवस दवाखान्यात ठेवावं लागलं. वाचली, एवढंच म्हणायचं.

त्यानंतर ताई आल्या. बोलावल्यावर एका शब्दानेही मागचं काढलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो. तिसरा फ्यूज उघडून त्यांनी ती काळी पडलेली पिन टेबलावर ठेवली आणि कामाला लागल्या. भिंत फोडली, सगळी वायर बदलली, माझ्या जागी नवी पेटी बसवली. मला उतरवून पडवीत ठेवलं.

आणि अण्णा? ते भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "जुना बोर्ड होता हो. जुन्या वस्तूंचा काही भरवसा नाही." सगळं खापर माझ्या डोक्यावर!

आज सकाळी चिऊ चप्पल घालायला पडवीत आली. मला पाहून थांबली आणि तिने मला जोरात लाथ मारली. "तू मला जाळणार होतास," म्हणाली आणि हुंदके देऊन रडायला लागली. मित्रांनो, शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या, पण ही लाथ फार लागली. हिच्यासाठीच तर मला तुटायचं होतं.

अण्णा दारातच होते. ते गुडघ्यावर हात टेकत तिच्यासमोर खाली बसले.

"त्याला मारू नकोस, चिऊ. त्याने काही नाही केलं. तो बंद पडत होता, मीच त्याला बंद पडू दिलं नाही."

"का?"

"मला कटकट नको होती."

चिऊने डोळे पुसले. "मी आत होते, आजोबा."

"हो गं," अण्णा म्हणाले. "माझं चुकलं, बाळा."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. न का पाहीनात. माझा राग अजून गेलेला नाही आणि उद्या भंगारवाला आला तरी तो माझ्याबरोबरच जाईल. पण माफी जिची मागायला हवी होती, तिची मागून झाली.

तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद भिंतीवर असेल. त्याने अचानक लाइट घालवली तर त्याला शिव्या देऊ नका, त्याच्या पोटात भलतंसलतं काही कोंबू नका आणि दांड्यावर रंग तर मुळीच फासू नका. जवळचा जाणता वायरमन बोलवा, तो सांगेल ते नावडतं असलं तरी ऐका. आणि घरातलं लहान मूल भिंत गरम लागते म्हणालं, तर उठा आणि भिंतीला हात लावून बघा.