गाळलेलं पान

माझा पोरगा काय करतोय, ह्ये सांगता सांगता माझी जीभ झिजली. उचगावात ज्याला त्याला तेच इचारायचं असतंय. "मालुबाई, स्वरूप बेंगळूरची नोकरी सोडून घरात बसलाय म्हणं?" बसलाय की! माळ्यावर दोन स्क्रीन मांडून सकाळधरनं बसलाय. वेबसाईट तयार करणाऱ्या लोकांना जी हत्यारं लागतात, ती ह्यो करतोय. एक अक्षरं ओळीत बसवायचं, एक रंग जुळवायचं. वर साहेब न्हाय, खाली शिपाई न्हाय, सगळं ह्योच एकटा. लांबलांबच्या देशातली माणसं ती वापरतात आणि ह्याला आभार कळवतात. पण गळ्यात कंपनीचं कार्ड दिसल्याबिगार गावाला काम कळत न्हाय, त्याला मी काय करू?

एकट्या यमनाप्पा अण्णाला कळलंतं. अण्णा वडगावचा विणकर. माझ्या लग्नाचं लुगडं त्याच्याच मागावरचं. तवापासनं दर सुगीला आमची रताळी त्याच्या घरात, आणि त्याची बायको चंपाबाई माझी जीवाची मैत्रीण. तो म्हणाला, "घरात बसून करतोय म्हणून काय बिघडलं, आक्का? आम्ही काय कचेरीत जाऊन विणतोय?" रंगाचं हत्यार करताना स्वरूप लई दिवस अण्णाच्या मागाशेजारी जाऊन बसायचा. आमसुलीला कुठला काठ, मोरपंखीला कुठला पदर, सगळं त्याला इचारून घेतलं. आज तिकडं कोण तरी गोरा त्या हत्यारात डाळिंबी रंग निवडतोय, ते डाळिंबी वडगावचं हाय.

यंदा पोरानं नवीन काढलं. बातम्या वाचायचं सॉफ्टवेअर. दिवाळीला लोकांना द्यायचं ठरलंतं. मराठी, कन्नड, सगळे पेपर एका ठिकाणी, मोठ्या अक्षरात, आणि जाहिरातींची कटकट न्हाय. वापरून बघायला पहिलं गिऱ्हाईक मी. "आई, तू तोंडावर खरं सांगतीस. तुला जमलं तर जगाला जमलं." मग काय, चढले मी हरभऱ्याच्या झाडावर! दारात येणारा पेपर बंद केला आणि चहाबरोबर फोन घेऊन बसायला लागले.

आता आमच्याकडं पेपर उघडला की आधी निधनाचं पान बघतात. कोण गेलं, रक्षाविसर्जन कवा हाय, मग राजकारण. फोन जातोय तो भावकीला. बाकीच्यांना पेपर. पेपरात आलं म्हणजे तुला कळलं, आणि कळलं म्हणजे तू यायचंस. आला न्हाईस तर ते जन्मभर लक्षात ऱ्हातंय. स्वरूपच्या पेपरात ते पान कुठं दिसंना. मला वाटलं, एवढं शिकलेलं यंत्र, वळखीचं कोण गेलं तर आणून दाखवंलच. दाखवलं न्हाय, म्हणजे सगळी खुशाल हाईत. मी आपली देवाला हात जोडून मोकळी.

तशीच दसरा झाल्यावर रताळ्याची पिशवी घेऊन वडगावला गेले. गल्लीत सगळे माग चालू, अण्णाचा तेवढा गप्प. मी दारातनंच ओरडले, "काय अण्णा, दुपार झाली की! माग झोपलाय का मालक?"

आत अंधार. मागावर अर्धं लुगडं तसंच. चंपाबाई भिंतीला टेकून बसलेली, माझ्याकडं बघतच ऱ्हायली. मग तिचं कपाळ दिसलं आणि माझ्या हातातली पिशवी सुटली. रताळी घरभर झाली.

"पेपरात दिलंतं गं मालू," ती म्हणाली. "फोटोसकट. रक्षेदिवशी मी दाराकडंच बघत हुते. सगळी आली. तू आली न्हाईस."

काय सांगू तिला? पोराच्या फोनात आलं न्हाय म्हणून सांगू? मी तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला. सबंध आयुष्यात पहिल्यांदा. मग खाली वाकून एकेक रताळं गोळा केलं, पिशवीत भरलं आणि पिशवी माझ्या हातात परत दिली. बसमधनं येताना मला एवढंच कळत होतं की चंपाबाई माझ्या हातनं गेली.

घरात शिरले ती तडक माळ्यावर. "मुडद्या, तुझ्या पेपरात माणसं मरत न्हाईत काय रं?"

तो हसला. "ते पान व्हय? चौकटीतलं सगळं जाहिरात म्हणून गाळाय लावलंय. सकाळी सकाळी मरण कुणाला बघायचं असतंय, आई?"

"यमनाप्पा गेला."

हसू तसंच तोंडावर ऱ्हायलं. मग त्यानं स्क्रीनकडं तोंड केलं आणि गाळलेलं सगळं उघडलं. साबण, सोनं, प्लॉट, आणि त्या ढिगाऱ्यात टोपी घातलेला अण्णा.

"ह्या यंत्रानं मला त्याच दिवशी आणून दिलंतं, आई," तो म्हणाला. "मीच नको म्हणून ठेवलंतं." आणि एवढा थोरला बाप्या टेबलावर डोकं ठेवून रडायला लागला. मी शिव्या घालायला चढलेते, आणि बसले त्याच्या पाठीवरनं हात फिरवत. आईच्या जातीला राग पुरत न्हाय बघा.

दुसऱ्या दिवशी दोघं वडगावला गेलो. रताळी पुन्हा बरोबर घेतलीच मी. स्वरूपनं चंपाबाईच्या पायावर डोकं ठेवलं. "मावशी, आईची चूक न्हाय. तिला मीच पेपर बंद करायला लावला आणि माझ्या पेपरातनं अण्णाला मीच गाळलं." त्यानं फोन तिच्या हातात दिला. ती फोटोवरनं बोट फिरवत ऱ्हायली. तिला वाचता येत न्हाय.

"वाच," ती म्हणाली.

त्यानं वाचायला घेतलं. 'वडगाव येथील ज्येष्ठ विणकर' एवढं झालं आणि त्यानं फोन माझ्यापुढं धरला. मग फोन मी घेतला. पुढचं मी वाचलं, पार रक्षाविसर्जनापातूर. आणि त्या दिवशी रडायचं ऱ्हायलेलं सगळं तिथं रडले. अगं माझे बाई, कसं रडले! चंपाबाईनं मला जवळ ओढलं, तवा कुठं माझ्या जीवात जीव आला.

बऱ्याच वेळानं तिनं डोळं पुसलं. "पिशवीत काय हाय?"

"रताळी."

"उकडायला ठेव मग. पोरगं उपाशी दिसतंय."

दिवाळीचं काम संक्रांतीवर गेलं. आता स्वरूपच्या पेपरात निधनाचं पान सगळ्यात आधी. खेळ नको, राजकारण नको, काय पायजे ते बंद करा; ह्ये पान तेवढं बंद व्हत न्हाय. पुण्यातनं कुणी तरी कळवलं, हे बंद करायची सोय द्या. स्वरूपनं उत्तर धाडलं, "आमच्याकडं तशी पद्धत न्हाय." एक गिऱ्हाईक गेलं असंल. जाऊ दे.

चंपाबाईचा आता रोज चहाच्या येळंला फोन येतोय. "मालू, कोण गेलं गं आज?" मी पान उघडून वाचून दाखवते. जायचं असलं तर दोघी मिळून जातोय. आज सगळं पान बघितलं, एक नाव वळखीचं न्हवतं.

"आपल्यातलं कोण न्हाय गं आज."

"बरं झालं बाई," ती म्हणाली. "मग आपलंच बोल."